नवशीला आवडलेला शेवट

“राक्षस कमी हायेत,” चैत्या म्हणाला आणि सगळी मुलं हसली.

श्रुतिकाही हसली. तलासरीजवळच्या त्या वसतिगृहात मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती. बोर्डीच्या शाळेत शिकवता शिकवता लिहिलेलं हे तिचं पहिलंच पुस्तक. पंधरवड्यापूर्वी तिने त्याच्या प्रती इथे पाठवल्या होत्या. दुष्काळात बापाने रानात नेऊन सोडलेल्या बहीणभावाची ती जुनी गोष्ट. श्रुतिकाने तीत बोलणारी झाडं घातली, दिवा धरणारं घुबड घातलं आणि शेवट बदलला. जुन्या गोष्टीत मुलं घरी येतात, बाप त्यांना पोटाशी धरतो. तिच्या पुस्तकात बाप शोधत येतो तेव्हा मुलं मंत्र म्हणतात आणि रानातली वाट मिटते. बाप बाहेरच राहतो.

या शेवटावरून मोठ्या माणसांत दोन तट पडले होते. फोनवर अनोळखी वाचक शाबासकी देत होते. डहाणूच्या वाचनालयात मात्र निवृत्त स्टेशनमास्तर सूर्यकांतकाकांनी भर कार्यक्रमात विचारलं होतं, “पोरांच्या हातात हे द्यायचं?” तेव्हापासून तिला चैन नव्हतं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या मुलांनाच एकदा विचारावं, म्हणून ती आली होती.

“रानात सोडलं तर पोरं रडली कशाला?” तानीने विचारलं. “रानात तर करवंदं असतात.”

“घुबडाला दिवा कशाला? त्याला अंधारातच दिसते,” रघ्या म्हणाला.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. नऊ-दहा वर्षांची, केस घट्ट बांधलेले.

“तुझं नाव काय गं?”

“नवशी. शेवट बेस हाय, बाई. वाट बंद केली ते बरं केलं.”

“का बरं वाटलं?”

“त्यानंच सोडलं ना,” नवशी म्हणाली आणि खाली बसली.

श्रुतिकाला एकदम हलकं वाटलं. सूर्यकांतकाका आत्ता इथे हवे होते, असंही मनात येऊन गेलं.

चहा पिताना तिने हे निलमला सांगितलं. निलम तिची कॉलेजातली मैत्रीण, इथली अधीक्षिका. ऐकता ऐकता निलमने कप खाली ठेवला.

“तुला सांगणार नव्हते,” ती म्हणाली. “नवशीला आई नाही. बाप धाकट्या डहाणूच्या बंदरात मासेमारी बोटीवर खलाशी आहे. दिवाळीला येतो म्हणाला आणि आला नाही. मग गेल्या रविवारी आला, हातात चिकूंची पिशवी. ही न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावून घेतली. मी किती हाका मारल्या. आतून एवढंच म्हणाली, वाट बंद हाय.”

“आणि तो?”

“दिवे लागेपर्यंत फाटकाशी बसला. पोरीला काय झालं, म्हणून मला विचारत होता. त्याला बिचाऱ्याला कुठे वाचता येतं, पुस्तकातलं त्याला काय कळणार?”

श्रुतिका उठून खिडकीशी गेली, परत आली. खुर्चीवर बसली आणि पुन्हा उठली.

“अगं, मी नुसती गोष्ट लिहिली होती.”

“तुला बोल लावत नाही मी. राग तिचा होताच. आज त्यांची बोट पुन्हा सुटणार आहे, म्हणजे आठ-दहा दिवस फोन लागायचा नाही. सकाळी तिला म्हटलं, बोल एकदा. नाही म्हणून मान हलवून गेली.”

नवशी मागच्या नळावर ताट घासत होती. ताट स्वच्छ झालं होतं, तरी घासतच होती. श्रुतिका तिच्याजवळ उकिडवी बसली.

“नवशी, गोष्टीतला तो बाप मी बनवलाय. तो वाईट आहे, कारण मी तसा लिहिला.”

नवशीने वर पाहिलं नाही. “माझा पण येतो बोलला न् नाय आला.”

“का नाही आला?”

“मला काय ठाऊक!”

“मलाही ठाऊक नाही. मी त्याला ओळखत नाही. तू ओळखतेस.”

नवशीने नळ बंद केला. मग पुन्हा सोडला आणि घासलेलं ताट पाण्याखाली धरलं. ताटावरचं पाणी दोघींच्या पायांवर उडत होतं.

“मारतो का तो तुला?”

“नाय!” नवशी चिडून म्हणाली. “मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेतो.”

तेवढ्यात निलम नवशीच्या बापाला लावलेला फोन कानाशी धरूनच आली. तिने स्पीकर लावला. पलीकडे इंजिन धडधडत होतं, कोणीतरी दोर सोडायला ओरडत होतं.

“मॅडम? नवशी बरी हाय ना? आजारी नाय ना?” बापाचा आवाज घाबरलेला होता. “लवकर बोला, मॅडम, बोट सुटतेय.”

निलमने फोन पुढे केला. नवशीने हात फ्रॉकला पुसले, पण फोन घेतला नाही. पलीकडून “हॅलो, हॅलो” चाललं होतं. मग तिने एकदम दोन्ही हातांनी फोन घेतला, त्याच्यावर तळवा दाबून धरला आणि श्रुतिकाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

“बाई, काय बोलू?”

श्रुतिका तिच्याकडे वाकली.

“विचार, जेवलास का.”

नवशीने तळवा काढला.

“बाबा, जेवलास का?”

पलीकडे कोणीतरी पुन्हा दोर सोडायला ओरडलं.

“नाय गं, नवशे,” बाप म्हणाला. “आता जेवतो.”