आवाज करणारा पंखा

“याच्याहून जास्त आवाज करनारा नाही का?” झामसिंगनं विचारलं.

तिरोड्याच्या विजेच्या सामानाच्या दुकानात ईश्वरदास दुकानदाराचा हात धूर ओढणाऱ्या पंख्यावरच थांबला. येणारं गिऱ्हाईक कमी बिलाचा पंखा मागायचं. हा म्हातारा भलतंच काही मागत होता. “काका, तीस वॅटचा माल आहे. दिनभर चालवा, मीटर हालत नाही. आवाज बिलकुल नाही. तुमाले आवाजवाला कायले पाहिजे?”

झामसिंग काय सांगणार, कपाळ! त्याची बायको दुलारी जाऊन दोन वर्षं झाली, पण तिचा खोकला काही घरातून गेला नव्हता. सकाळी तो चहा घेऊन ओसरीत बसला की सैपाकघरातून यायचा. दोनदा कोरडा, मग एक लांबलचक ढास. अगदी तिचाच. तो उठून दाराशी गेला की सगळं गप्प. आत फक्त सून, भूमेश्वरी, डोक्यावर पदर घेऊन चूल फुंकत बसलेली. “कोन खोकललं वं?” विचारलं की ती नुसती मान हलवायची. नाही. त्याच्या अंगावर सरसरून काटा यायचा.

आणि का नाही खोकणार दुलारी? जन्म धुरात गेला बिचारीचा. भिंतीत एक पंखा होता, खडखड्या. तो लावला की झामसिंग ओसरीतून ओरडायचा, “बंद कर वं! तुया बाप भरल का बिल?” ती मुकाट बटण बंद करायची. ती गेली, मागोमाग पंखाही जळला. आता तसाच खडखड्या आणायचा आणि दिवसभर लावून ठेवायचा. तो खोकला कानावर येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

“थांबा, धूर कसा खींचतो ते तं पाहा.” ईश्वरदासनं पंख्याखाली ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा पेटवला. बटण दाबायच्या आतच धूर दुकानभर पसरला.

मागून खोकला आला. दोनदा कोरडा. मग लांबलचक ढास.

इथंही आली? भर बाजारात, भर दुपारी? ‘दुलारी, सोड वं आता मले,’ असं मनातल्या मनात विनवत झामसिंग वळला.

मागे भूमेश्वरी उभी होती, बाजार आटोपून त्याला शोधत आलेली. बाजाराची पिशवी पायाशी, पदराचा बोळा तोंडात, डोळ्यांतून पाणी. सासऱ्याची नजर पडली आणि तिनं श्वासच दाबून धरला. खोकला थांबला. रोज दाराशी थांबायचा, तसाच.

“बाई... रोज तूच खोकलून राहिली का?”

तिनं मान खाली घातली. “तुमी आले का दाबून घेतो, मामाजी. सासूबाईनंच शिकवलं. म्हने, त्याह्यले आवाज खपत नाही.”

झामसिंग गळ्यातलं उपरणं डोळ्यांना लावून ईश्वरदासकडे वळला.

“बिना आवाजाचाच दे. ही खोकलली, तं मले आयकू आलं पाहिजे.”