वीसपैकी अकरा

"वीसपैकी अकरा!" विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो मॅडम, आपल्या शिपायालासुद्धा एकोणीस आहेत."

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या केमिस्टबाई समोर बसल्या होत्या. 'डिजिटल साक्षरता' परीक्षेत पंधराच्या आत राहणाऱ्याचं लॉगिन बंद होणार होतं. लॉगिन गेलं की अहवालावरची सही गेली. मग उरलं तळघर आणि जुन्या फायली.

"बाकी सगळ्यांना किती?"

"चौतीसच्या चौतीस जणांना एकोणीस." साहेबांचा ऊर भरून आला होता.

"आणि चुकला कुठला?"

साहेबांनी यादी उघडली. प्रत्येकाचा सातवा चुकला होता. प्रश्न होता, ग्रुपवर आलेल्या माहितीचं तुम्ही काय कराल? चौतीस जणांनी एकमुखानं लिहिलं होतं, 'आहे तशी वापरेन.'

"साहेब, चौतीस बाटल्यांचा आकडा दशांशापर्यंत सारखा आला तर आपण काय समजतो?"

साहेब यादी पुन्हा वरून खाली बघू लागले.

"एकाच नळावर भरल्यात असं समजतो. आणि ओतून देतो."

"तुम्ही ताणू नका हो," साहेबांनी आवाज खाली आणला. "उत्तरं वरूनच आलीत. मी पाठवतो, इथंच बसून पुन्हा परीक्षा द्या. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

तरी साहेबांनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि उत्तरांचा फोन शेजारी ठेवला. बाईंनी तो पालथा घातला. पुढं चाळीस मिनिटं त्या एकेक प्रश्न ओठ हलवत वाचत होत्या. चौदाव्या प्रश्नाला साहेब खोकल्यासारखं करून "ब, ब" म्हणाले. बाईंनी 'ड' दाबला.

तेरा आले.

"दोन वाढले," बाईंनी प्रिंट काढून त्यांच्यापुढं ठेवली. "घ्या, नापास म्हणून सही करा. आणि तळघराची किल्ली द्या."

साहेबांनी पेन उचललं, परत खाली ठेवलं. "अहो, पण मग उद्यापासून पाण्याच्या अहवालावर सही कुणाची?"

"एकोणीसवाल्या कुणाचीही घ्या," बाई उठल्या. "फक्त घरी पाणी उकळून पीत जा."