उर्सुला आंटीची युक्ती

टेबलाखाली बसलेला तो जर्मन मुलगा काही केल्या बाहेर येत नव्हता. पाच वर्षांचा असेल. उन्हाचं क्रीम लावल्याशिवाय एकाही मुलाला पाण्यात सोडायचं नाही, असा हॉटेलचा नियम होता. आणि क्रीमची ट्यूब दिसली की हा मुलगा बेंबीच्या देठापासून ओरडायचा. तीन दिवसांत त्यानं तीन बायकांना रडकुंडीला आणलं होतं. आज चौथी उर्सुला होती.

दारात जुनैदभाई उभे होते आणि त्यांच्या शेजारी नवे मोठे साहेब. मस्कतच्या समुद्रकाठच्या या हॉटेलात पाहुण्यांची मुलं सांभाळायला सहा बायका होत्या. त्यांच्यावर एक हेड नेमायची होती. उर्सुलाच्या हातात जादू आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, असं जुनैदभाईंनी साहेबांना सांगून ठेवलं होतं. हेड झाली की ड्यूटी दुपारी एकला सुटणार होती. नोकरीच्या सहा वर्षांत वसईच्या उर्सुलानं आपल्या पोरीला शाळेच्या बसमधून एकदाही उतरवून घेतलं नव्हतं. ते काम शेजारची हाफिजा करायची. उर्सुलाला पगारवाढ नको होती, ती दुपार हवी होती.

ती पोर, अ‍ॅश्ली, आज त्याच खोलीत कोपऱ्यात बसली होती. शाळेला डिसेंबरची सुट्टी लागली होती आणि हाफिजा गावी लग्नाला गेली होती. जुनैदभाईंनी डोळेझाक केली म्हणून तिला आणता आलं. आठ वर्षांची अ‍ॅश्ली मान खाली घालून चित्र रंगवत होती. रंगानं, डोळ्यांनी ती थेट आईवर गेली होती.

जादू कसली, एक वाक्य होतं ते. चार वर्षांपूर्वी एका गोऱ्या मुलीनं विचारलं होतं, आंटी, तुझे हात इतके काळे कसे? दमलेल्या उर्सुलाच्या तोंडून काहीतरी निघून गेलं, आणि त्या मुलीनं मुकाट्यानं गाल पुढे केला. तेव्हापासून ते वाक्य कधी वाया गेलं नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुरावा अंगावरच होता. पालक खूश, मुलं खूश, ऑफिसच्या भिंतीवर उर्सुलाचा फोटो. बोलताना ती हसायचीसुद्धा. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं तिनं स्वतःला पटवलं होतं.

वाक्य धडधडीत खोटं होतं. तिची आई वसईच्या बाजारात भाजी विकायची. थंडीच्या दिवसांत ती सकाळी लेकीला खोबरेल चोळायची आणि अंगणात कोवळ्या उन्हात मांडीवर घेऊन बसायची. आता ती चर्चमागच्या मातीत होती. तिला थोडंच ऐकू येणार, असं उर्सुला म्हणायची.

पण आज कोपऱ्यात अ‍ॅश्ली होती. म्हणून उर्सुलानं आधी बाकीचं सगळं करून पाहिलं. गालावर वाघाचे पट्टे काढू म्हणाली. आधी बाहुलीला लावू म्हणाली. तूच मला लाव म्हणाली. मुलानं लाथेनं ट्यूब उडवली. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"उर्सुला, यल्ला, जल्दी," जुनैदभाई हळूच म्हणाले. "वो अपना वाला करो ना."

उर्सुलानं कोपऱ्याकडे पाहिलं. अ‍ॅश्ली डब्यातला खडू शोधत होती. उर्सुला जमिनीवर बसली, बाही वर केली आणि हात टेबलाखाली धरला. आवाज होईल तेवढा खाली आणून ती इंग्रजीत म्हणाली, "हा बघ माझा हात. मी लहान होते तेव्हा माझ्या आईनं मला क्रीम लावलं नाही. म्हणून मी अशी झाले. तुला असं व्हायचंय?"

मुलानं तो हात बोटानं घासून पाहिला. मग स्वतःचा हात पाहिला. तो बाहेर आला आणि डोळे मिटून त्यानं तोंड वर केलं. उर्सुलानं त्याचं नाक, कान, मान, काही सोडलं नाही.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "खलास," जुनैदभाई म्हणाले. "एक तारखेपासून तू हेड."

अल अमेरातला घरी परतताना स्टाफच्या बसमध्ये अ‍ॅश्ली खिडकीला डोकं टेकून बसली होती. "आता शाळा सुरू झाली ना, की रोज बसपाशी मीच येणार," उर्सुला म्हणाली. अ‍ॅश्लीनं मान हलवली. दिवसभर बसून कंटाळली असेल, असं उर्सुलाला वाटलं. पोरीनं काही ऐकलं नाही, देवानं लाज राखली, असंही वाटलं.

घरी आल्यावर तिनं भात टाकला आणि अ‍ॅश्लीला हाक मारली. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. अ‍ॅश्ली स्टुलावर उभी होती. आईच्या पर्समधली क्रीमची ट्यूब बेसिनमध्ये पिळून पडली होती. तोंड, मान, दोन्ही हात पांढरेफटक झाले होते, आणि ती कोपर घासत होती.

"मम्मी, आता लावून काय यूज नाय ना?" अ‍ॅश्लीनं आरशातूनच विचारलं.

"अगं बाळा, ते मी त्या मुलाला उगाच..." उर्सुलानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

अ‍ॅश्लीनं अंग चोरलं. ती रडत नव्हती. शब्द शोधत, नीट विचार करून बोलत होती.

"तुझ्या मम्मीला माहीत नव्हतं. पण तुला तर माहीत होतं ना? मग मी बेबी होते तेव्हा तू मला का नाय लावलं?"