न उघडलेली झडप

"आये, ओरडू नकोस. नवं पातेलं आणून देतो," म्हणत मुलाने होडीच्या इंजिनातला थर्मोस्टॅट माझ्या चहाच्या पातेल्यात उकळायला टाकला. लिंबाएवढा पितळी तुकडा. पाणी खळखळलं, तरी त्याची झडप उघडली नाही.

"हीच अडकलीय. उघडली नाही की थंड पाणी फिरत नाही, इंजिन तापून बंद पडतं. बाबांचंही असंच झालं असणार."

मी पातेलं खाली उतरवलं. एकतीस वर्षांपूर्वी वादळात त्यांच्या होडीचं इंजिन तापून बंद पडलं आणि होडी खडकावर फुटली, असं जिवंत परतलेल्या खलाशाने सांगितलं होतं. पण त्या मोसमात इंजिनापुढे फोडलेला नारळ कुजका निघाला होता, आणि तो मी निवडला होता. "तुझ्या नारळानं माझा लेक नेला," सासू म्हणाली. मीही तेच मानत आले.

मुलाने नवा थर्मोस्टॅट बसवला. इंजिन तासभर चाललं, तापलं नाही. होडीतून त्याने हात केला.

सासूला जाऊन बारा वर्षं झाली. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसले होते. तिने पाणी शेजारणीकडे मागितलं.