फसकीचा हात

चांदा जिल्ह्यातली आमची नगरपालिका इतकी कंगाल झाली की रस्त्यावरच्या दिव्यांत घालायला रॉकेल उरलं नाही. तेव्हा अध्यक्ष नानाजींनी नागपूरहून हिशेबात पक्के असलेले एक साहेब सल्ल्यासाठी बोलावले.

साहेब तडक आठवडी बाजारात गेले. तिथे म्हातारी रुखमाबाई पालिकेची फसकी गोळा करत होती. फसकी म्हणजे विकायला बसलेल्या प्रत्येकाच्या ढिगातून एक मूठ. जमलेल्या मालाचा संध्याकाळी लिलाव होई आणि त्यावर पालिका चाले. रुखमाबाईची मूठ जेमतेम लिंबाएवढी होती.

"तुमची तूट इथे आहे," साहेब म्हणाले. "मोठ्या हाताचा माणूस नेमा."

नानाजींनी लटारू पहिलवानाला नेमलं. त्याच्या पंजात नारळ मावायचा.

महिन्याभरानं साहेब पुन्हा आले, तर उत्पन्न निम्म्यावर आलेलं. "लटारू चोरतो," ते भर बाजारात ठामपणे म्हणाले.

"तो नाई चोरत जी," चारोळी विकणारी रंभा बसल्या जागेवरूनच बोलली. "बराबर मूठभर घेते. पन रुखमाबाईच्या मुठीत काईच मावत नोतं. आमाले तिची दया ये, म्हनून आमीच वरून दोन-दोन ओंजळी टाकत होतो. या पहिलवानाची कायची दया करा?"

साहेब खूश होऊन नानाजींकडे वळले.

"बरोबर! आता रुखमाबाईपेक्षाही लहान हाताची बाई शोधा."