धाकट्यानं उचलायचं

"वाटे थोरल्यानं पाडायचे आनि उचलायचे धाकट्यानं," गावातले जुनेजाणते महिपतीआबा म्हणाले. "म्हंजी थोरल्याला लबाडी करायला जागाच ऱ्हात न्हाई."

बांधावर बसलेला फ्लिन साहेब टोपीनं वारा घेत होता. त्यानं पुन्हा विचारलं, "मोठा भाऊ देतो? सगळा नाय घेत?"

"सगळं कसं घेईल? धाकटा काय उकिरड्यावर सापडला व्हय?"

वडिवळ्याची जमलेली चार माणसं हसली. साहेब हसला नाही.

फ्लिन साहेब म्हणजे लोणावळ्याचा इंजिन ड्रायव्हर. दिसायला गोरा, पण मूळचा आयर्लंडातल्या एका शेतकऱ्याचा धाकटा पोरगा. तिकडची रीत वेगळी. घर, गाई, जमीन सगळं थोरल्याला. धाकट्याच्या हातावर आगबोटीचं तिकीट. सोलापूरकडच्या कोरड्या लाइनीवर त्याची उमेदीची वर्षं गेली आणि दिवाळीनंतर तो बदलून इकडं आला. मावळचा पाऊस त्यानं अजून पाहिलाच नव्हता.

त्याला इथवर आणला तो दत्तोबानं. दत्तोबा त्याच्याच इंजिनावरचा फायरमन. वाटणीच्या वेळी गोरा साहेब शेजारी असला की थोरला भाऊ वचकून राहील, असा त्याचा हिशेब. थोरल्या अंबाजीनं साहेबाकडं एकदा पाहिलं, रामराम केला आणि आपलं काम चालू ठेवलं. वरच्या अंगाला आंब्याखाली एक दगड ठेवला, खाली ओढ्यालगतच्या खाचरात दुसरा. झाले दोन वाटे.

पलीकडच्या शेतात कुणीतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजत होतं. शेणाचा आणि पाचोळ्याचा तो धूर साहेबाच्या नाकात शिरला. त्याच्या गावी दलदलीतली माती कापून, वाळवून चुलीत घालत. तिचा धूर थेट असाच. आईच्या चुलीचा वास इतक्या लांब, दुसऱ्याच्या बांधावर यावा, याचा त्याला रागच आला.

दत्तोबाची कुरकुर चालूच होती. "वरचा उचलावा तर आंबा मिळतोय, पन खाचर भावाकडं जातंय. खालचा उचलावा तर आंबा ग्येला. शिवाय ओढ्याला पूर आला की बांध फुटायची भीती. कसंबी करा, मार मलाच. ह्यो हितं बसून नवा तांदूळ खानार आनि मी तितं कोळसा गिळनार."

"तुजा पगार बघून माजं बी पोट दुखतंय की," अंबाजी म्हणाला. "उचल आता. उन्हं चढली."

फ्लिन दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. अर्धी जमीन पायाशी येऊन पडलीय, तरी याचं रडगाणं संपत नाही! आणि भावाच्या तोंडावर रडायला मिळतं, हे काय कमी? आपल्याला तेवढंही मिळालं नव्हतं. हेव्यानं त्याचं तोंड कडू झालं.

"साहेब, तुमी शेतकऱ्याचं पोर," दत्तोबा त्याच्याकडं वळला. "तुमीच सांगा. कुठला उचलू?"

साहेब उठला. आधी वरचं शिवार पाहिलं. उताराचं, निचऱ्याचं, कोरडं. घरी असल्या रानासाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसली असती. मग तो खाली उतरला. खोलगट जमीन. भर वैशाखातही एका कोपऱ्यात ओल धरून होती, आणि तिथं लव्हाळा माजला होता. लव्हाळा त्यानं लगेच ओळखला. जिथं लव्हाळा, तिथं पाणी तुंबतं, बटाटा कुजतो, गाय रुतते. असली जमीन म्हणजे शाप, हे त्याच्या बापानं त्याला बोलता येण्याआधी शिकवलं होतं.

घे लेका, तो मनात म्हणाला. अर्धं पाहिजे ना? मग हे घे आणि जन्मभर चिखलात रुत.

"खालचा," त्यानं बोट दाखवलं. "एकदम अच्छा."

दत्तोबानं आंब्याकडं एकदा पाहिलं. मग तो खाचरात उतरला आणि तिथला दगड उचलला.

मग महिपतीआबांनी मान डोलावली. "साहेब, नजर हाय तुमाला! पानी धरनारं खाचर. असला आंबेमोहोर आख्ख्या वडिवळ्यात कुटं पिकत न्हाई."

"पाणी... अच्छा?" साहेबानं विचारलं.

"मग? भाताला आनखी काय लागतंय?"

दत्तोबानं भावाचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि त्याला कळलं, आपण बरोबर उचललंय. तो धावत येऊन साहेबाच्या पाया पडला. "सख्खा भाऊ असता तरी इतकं खरं सांगितलं नसतं, साहेब!"

अंबाजी खाचराच्या बांधावर उभा होता. तो बांध त्यानं आणि त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, दगड वाहून घातलेला. पायानं एक ढेकूळ त्यानं उगाच सारखं केलं आणि खाली मान घालून तो घराकडं गेला. थोरल्या भावाचा असा पडलेला चेहरा बघायची फ्लिनची कितीतरी वर्षांची इच्छा होती. आज ती पुरी झाली, आणि चेहरा भलत्याच माणसाचा होता.

थोड्या वेळानं अंबाजी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत आला. "घ्या साहेब. कामशेत टेसनापातूर उन्हाचं चालायचंय."

फ्लिननं तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. घर सोडलं त्या सकाळी त्याचा भाऊ गोठ्यात दूध काढत बसला होता; बाहेरही आला नव्हता.

"तुला राग नाय?" त्यानं हळूच विचारलं.

"हाय की. लय हाय," अंबाजी म्हणाला. "पन वाटे म्याच पाडलेत न्हवं."