माणूस की मशीन

नात आदितीचं लग्न झालं, ते २०२४ साल. शिरोळच्या तवनाप्पांनी त्या लग्नाची पत्रिका थोरल्या भावाला, पारिसअण्णांना, दिली नव्हती. बांधाच्या भांडणापासून दोघांचा अबोला होता. पर्युषण संपलं की क्षमावाणीला दोघेही साऱ्या गावाची क्षमा मागत, एकमेकांची तेवढी कधीच नाही.

त्या वर्षी क्षमावाणीच्या सकाळी तवनाप्पा कोल्हापुरात होते. एका सभागृहात लोकांना एआय समजावणारा खेळ मांडला होता. हेडफोनवर आवाज ऐकायचा आणि तो माणसाचा की मशीनचा, ते बटण दाबून सांगायचं.

"बसा की अज्जा," खेळ मांडणारी मुलगी म्हणाली. "फसताय का बघू."

आवाज आला, "तवन्या, चुकलं माझं. क्षमा कर."

त्यांना तवन्या म्हणणारा जगात एकच उरला होता. पण अण्णा, आणि क्षमा मागणार? तवनाप्पांनी 'मशीन' दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं : चूक. माणूस.

"असं कसं?" मुलगी पुटपुटली. "ह्या फेरीत माणसाचा आवाज भरलेलाच न्हाय की."

तवनाप्पांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला. आत कोणीतरी वाट बघत श्वास घेत होतं. मग तो श्वास थांबला.

पारिसअण्णा त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शिरोळात वारले.